घासूकाकांची खात्री

प्रयोगशाळेत स्फटिकांचे तुकडे घासून कागदाहून पातळ करण्यात घासूकाकांची तीस वर्षं गेली. एकदा संशोधक बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. स्फटिकातले विद्युतभार कोणत्या दिशेला सरकलेत ते सांगणारे बाण भोवऱ्यासारखे गोल वळलेले होते. काकांचा चेहरा पडला.

"घासताना माझा हात गोल फिरतो ना, त्याचेच ओरखडे हे. चुकलंच माझं."

बाई हसल्या. "अहो काका, हे भार आपणहून असे वळतात. दोन वर्षं यांच्याच मागे आहे मी."

काकांना काही ते पटेना. पुढचा तुकडा त्यांनी गुपचूप सरळ रेषेत घासून दिला. भोवरे तरीही आले.

"बाई, आता तुमचा शोध खुशाल छापा," काका म्हणाले. "मी खात्री करून घेतलीय."