कासवाच्या पाठीची नखी

मिस्कस दुकानात शिरला की कावियेंग शहरातला तो चिनी दुकानदार आधीच हताश व्हायचा. "आला. आता माझा सगळा माल चाखून बघणार."

चाखूनच बघायचा तो. काउंटरवर एका बशीत गिटारच्या नख्यांचा ढीग असायचा. तारा छेडायच्या त्या छोट्या तिकोनी प्लास्टिकच्या नख्या, लाल, पांढऱ्या, काळ्या. मिस्कस एकेक उचलायचा, खालच्या ओठावर दाबून वाकवायचा, दातावर टिचकी मारून आवाज ऐकायचा.

"ही लुळी आहे. ही तारेला लागली की तारेआधी हीच खट् करते. ही घामात निसटणार."

"नखी घेतोयस की बायको करतोयस?" दुकानदार म्हणायचा.

"बायकोला एवढं पारखलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं."

बरेचदा तो काहीच न घेता बाहेर पडायचा. त्या एका नखीच्या पैशात तांदळाचं पाकीट येतं, आणि नखी चार कार्यक्रमांत झिजून जाते. मग घरी आल्यावर तो स्वतःच काहीतरी कापत बसायचा. मी त्याच्याबरोबर युकुलेले वाजवायचो, त्यामुळे त्याचे सगळे प्रयोग मला ऐकावे लागले. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची नखी मऊ, तिने वाजवलं की गाणं ओल्या कपड्यासारखं पडून राहायचं. टेलिफोन कार्डाची चांगली, पण कडा लगेच फाटायची. शिंपल्याची नखी लखलखीत वाजायची आणि तारा कापून टाकायची. करवंटीची जाड, बोजड. प्रत्येक नखीवर त्याचं मत ठरलेलं असे, आणि ते तो न विचारता सांगे.

त्याला हवी होती ती मामाकडे होती तशी. त्याचा मामा बोस्केई आमच्या लामुस बेटावरचा जुना गिटारवाला. आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. जमीन, नाव, मान सगळं मामाकडून भाच्याला. मामाच्या शब्दापुढे बापाचाही शब्द चालत नाही. तर ह्या मामाजवळ चोचीच्या कासवाच्या, पोपटासारखं तोंड असतं त्या कासवाच्या, पाठीची एक नखी होती, मधाच्या रंगाची. हातात धरली की अंगाच्या उबेने ऊब धरायची, घाम आला तरी सरकायची नाही. तिच्यातून निघालेला सूर गोल असायचा, कड नसलेला. मिस्कस तिच्यावरच शिकला. एका नाताळात ती मधोमध तडकली, तेव्हा मामा नुसता हसला, पण मिस्कसने दोन दिवस गिटारला हात लावला नाही.

"दुसरी करू की," तो मामाला म्हणाला.

"हिरवं कासव धरलंस तर मटण खायला मलाही बोलाव, येतो. चोचीचं धरू नकोस."

"पाठच काढणार. मटण कोण खातंय."

"तेच तर. मटण दिसलं की कुणी ना कुणी खातंच," मामा म्हणाला. "काळ्या खडकापाशी ते काय चरतं, कुणाला ठाऊक नाही. माझ्या लहानपणी पलीकडच्या बेटावर ते खाऊन एका घरात चूल पेटवायला माणूस उरलं नव्हतं."

अशा गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या होत्या. पण चोचीचं कासव खाऊन धडधाकट राहिलेली माणसंही गावात होती. त्यामुळे कुणी ऐकायचं, कुणी नाही.

पुढच्या वर्षी मिस्कसच्या आईच्या शेवटच्या जेवणाचा दिवस ठरला. आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी मोठं जेवण घालून दुःख संपवतात. डुकरं, तारोचे कंद, साबुदाणा, आणि सगळ्या बेटांवरून पाहुणे. जेवण घालायचं ते मिस्कस आणि त्याची धाकटी बहीण रोदा ह्यांनी. रोदाच्या मांडीवर तेव्हा तान्ही मुलगी होती. आईचंच नाव ठेवलं होतं तिला, सेरा. आमच्यात घराणं मुलींनी पुढे जातं, म्हणून ह्या पोरीचं मिस्कसला इतकं कौतुक की वाजवतानाही तिला पुढ्यात निजवायचा. तिने एकदा गिटारवर ओकारी काढली तर तो म्हणाला, "हिला सूर पटला नाही."

जेवण जवळ आलं आणि डुकरं कमी पडली. दोन आजाराने मेली, एक रानात पळालं ते सापडलंच नाही. मामा लाकूड आणि पत्रे आणायला कावियेंगला गेला होता. समुद्र खवळला आणि तो तिकडेच अडकला.

त्या खवळण्याच्या आधीच्या सकाळी मिस्कस काळ्या खडकाकडे भाला घेऊन गेला. मासळी आणायला, असं सांगून गेला. परतला तेव्हा होडीच्या तळाशी चोचीचं कासव उलथं पडलं होतं, केवढं तरी. होडी किनाऱ्याला लागताना आम्ही सगळे धावलो. कासवाचे डोळे पाझरत होते. समुद्राबाहेर काढलं की ते पाझरतातच, त्यात विशेष काही नाही. पण रोदाने पोरीचं तोंड दुसरीकडे वळवलेलं मी पाहिलं.

मिस्कसने उकळतं पाणी ओतून पाठीच्या पट्ट्या सोडवल्या. एकेक पट्टी उन्हात धरून बघत होता. मधाचा रंग, त्यात काळे ढग. बाकीचं त्याने एका बाजूला सारलं आणि फावडं मागितलं.

"काय करतोस?" त्याचा दाजी देमास म्हणाला. हा रोदाचा नवरा.

"पुरतो."

"वेडा झालायस का? एवढं मटण पुरणार? आणि पाहुण्यांच्या पानावर काय, तुझी गाणी वाढायची?"

"मामा नको म्हणालाय, दाजी."

"मामा इथे आहे का? मामा आणणार आहे का डुक्कर?"

रोदाने पोरीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "दादा, आईचं शेवटचं जेवण आहे. लोक पानं रिकामी घेऊन परत गेले तर ते आपल्यालाच ऐकायचंय, मामाला नाही. आपल्या बापाने हे खाल्लंय, तूही लहानपणी खाल्लंयस. तुला काय झालं?"

मिस्कस पट्ट्यांकडे बघत उभा राहिला. "कुत्र्याला घालून बघा," तो शेवटी म्हणाला. "उद्यापर्यंत थांबा."

कुत्र्याने कच्चं मटण खाल्लं, काळीजही खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेपटी हलवत आणखी मागायला आलं. त्या कुत्र्याला पुढेही कधी काही झालं नाही. का झालं नाही, हे आम्हाला कुणीच सांगू शकलं नाही. देमास हसून म्हणाला, "घे, डॉक्टरने पास केलंय." आणि बायका केळीची पानं आणायला निघाल्या.

मटण तापल्या दगडांच्या खड्ड्यात शिजत होतं तेव्हा मिस्कस घराच्या पायरीवर बसून नखी कापत होता. करवतीच्या तुटक्या पात्याने आकार काढला, दगडावर कडा घासल्या, मग खरखरीत पानाने आणि राखेने चकाकी आणली. चार केल्या. पहिली जाड झाली म्हणून बाजूला टाकली. दुसरी चांगली होती, पण टोक बोथट. तिसरी त्याने ओठावर वाकवली, दातावर वाजवली आणि काही न बोलता गिटार मांडीवर घेतली.

मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर वाजवलंय, असा सूर मी त्याच्याकडून आधी ऐकला नव्हता. खड्ड्यापाशी बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. तारा जणू कुणी छेडल्याच नव्हत्या, आपण होऊन बोलत होत्या. तो डोळे मिटून वाजवत राहिला आणि पोर त्याच्या पायाशी पालथी पडून ऐकत होती.

दुपारी पंगत बसली; पाहुणे समुद्र खवळण्याआधीच येऊन थांबले होते. आमच्या बँडने आईची आवडती गाणी म्हटली, लोक रडले, हसले, जेवले. मटण चविष्ट होतं, चरबीला हिरवट झाक होती. मी दोन घास खाल्ले. रोदाने पोटभर खाल्लं, पाजणाऱ्या बाईला भूक असतेच. मिस्कस वाजवण्यातच रमला होता, त्याला शेवटी एक वाटी रस्सा मिळाला.

संध्याकाळी आमचा गाणारा तोंड पुसत म्हणाला, "ह्या वेळचा चुना कुणी भाजलाय? जीभ सोलून निघाली."

"तू खातोसच कोंबून," दुसरा म्हणाला. "माझीही झोंबतेय, पण मी रडतोय का?"

सुपारी आणि चुना आमच्या तोंडात दिवसभर असतो. चुन्याने जीभ पोळणं ही रोजची गोष्ट. म्हणून त्या संध्याकाळी ज्याची त्याची जीभ झोंबत होती आणि जो तो चुन्याला शिव्या देत होता. माझीही झोंबत होती. चुना भाजणारी म्हातारी रागावली. तिने स्वतः चाटून दाखवला आणि मग तीही थुंकत बसली.

दुसऱ्या दिवशी बरेच जण उशिरापर्यंत पडून होते. मेजवानीनंतर तसं होतंच. काहींना ओकाऱ्या झाल्या, तेही मेजवानीनंतर होतंच. मी रोदाच्या घरावरून गेलो तेव्हा ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. पोर मांडीवर निजली होती.

"सकाळपासून रडली नाही," रोदा म्हणाली. "शहाणी झाली एकदम. पाजायला घेतलं तरी झोपेतच असते."

मिस्कस शेजारीच होता. नवी नखी बोटांत फिरवत होता. त्याने पोरीच्या तळव्याला बोटाने गुदगुल्या केल्या. तिने पाय हलवला नाही. त्याने परत केल्या. मग त्याने नखी खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी तिला उचललं, आणि तिची मान एका बाजूला गेली ती तशीच राहिली.

"रोदा," तो म्हणाला, "तोंड उघड तुझं."

तिच्या जिभेवर पांढरे चट्टे होते.

त्याच दुपारी समुद्र जरा निवळला आणि मामाची होडी आली. मामाने किनाऱ्यावरूनच अंगणात वाळत घातलेल्या पट्ट्या बघितल्या. पत्रे होडीतच सोडून तो चालत आला. ओरडला नाही. "मटण कुठंय?" एवढंच विचारलं.

कुणीतरी रिकाम्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. मामाने घराघरात जाऊन माणसांची तोंडं उघडायला लावली, मुलांची आधी. "पाजू नकोस," तो रोदाला म्हणाला. "एक थेंब नाही. ते दुधात उतरतं." रोदाने विचारलं, मग ती काय पिणार. मामाने शहाळ्याचं पाणी कापसाने पोरीच्या ओठांवर सोडलं, ते तसंच ओघळून गेलं.

दोन होड्यांत आजारी माणसं घालून आम्ही कावियेंगला निघालो. मिस्कस पुढच्या होडीत, पोर त्याच्या छातीशी शर्टाच्या आत. लाटा अजून मोठ्या होत्या. वाटेत तो तिच्या कानाशी गुणगुणत होता, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ हलताना दिसत होते. मग कुठेतरी ओठ हलायचे थांबले. धक्क्याला लागेपर्यंत त्याने शर्टाची गुंडी उघडली नाही.

चुना भाजणारी म्हातारी दवाखान्यात वारली, आणि देमासच्या भावाचा मुलगाही. बाकीचे वाचले. डॉक्टर म्हणाले, ह्या कासवाच्या विषावर औषध नाही, ज्याच्या अंगाला झेपेल तो उठतो. रोदा उठली. तिचं दूध आटायला बरेच दिवस लागले, आणि ते दिवस तिने कसे काढले ते तिच्याजवळ बसलेल्या बायकाच जाणोत.

गावाची बैठक बसली. देमासने सगळ्यांसमोर सांगितलं की मटण शिजवा म्हणून मी म्हणालो. रोदा म्हणाली, मी म्हणाले. मिस्कस म्हणाला, "कासव मी आणलं." मामाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्याने पट्ट्या गोळा केल्या, चारही नख्या मागून घेतल्या आणि होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडल्या. तिसरी नखी देताना मिस्कसने हात पुढे केला, पण मूठ उघडायला त्याला वेळ लागला. ते सगळ्यांनी पाहिलं, रोदानेही. माझ्या मते, भावाबहिणीचं बोलणं बंद झालं ते त्या क्षणी, पोर गेली तेव्हा नाही.

मिस्कस बेट सोडून कावियेंगला गेला. धक्क्यावर खोबऱ्याची पोती उचलायचं काम धरलं. त्या चिनी दुकानापुढून जायचा, पण आत शिरायचा नाही. दुकानदारच एकदा बशी घेऊन दारात आला. "अरे, चाखून तरी बघ. फुकट." मिस्कस म्हणाला, "आता कुठलीही चालते," आणि वरची एक उचलून चालू लागला. ती त्याने वाजवली की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या खोलीत मला कधी गिटार दिसली नाही.

बेटावर लोक आता काळ्या खडकाकडे जात नाहीत. निदान तसं म्हणतात. समुद्र-काकड्यांचा, तळाच्या त्या मऊ प्राण्यांचा, भाव वाढला तेव्हा शेजारच्या बेटाची पोरं तिथे बुड्या मारताना मी स्वतः बघितली आहेत, आणि त्यांच्या होडीत काय असतं ते कुणी विचारत नाही.

काही वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी मी मिस्कसबरोबर धक्क्याजवळच्या मोठ्या झाडाखाली बसलो होतो. रोदा तारोच्या टोपल्या घेऊन होडीतून उतरली. टोपल्या तिने खाली ठेवल्या आणि सरळ आमच्याकडे आली. मिस्कस उठायला लागला.

"बस," ती म्हणाली.

तिने केळीच्या पानाची पुरचुंडी सोडली. आत नारळाच्या दुधात शिजवलेला मासा होता. ती समोर बसली. मिस्कसने पान बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले. तो कुणाच्याच हातचं शिजवलेलं खात नसे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डबाबंद मासळी आणि बिस्किटं ह्यांवर जगायचा.

रोदाने एक तुकडा मोडला, त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश चावला, गिळला. मग पान त्याच्याकडे सरकवलं. ती वाट बघत राहिली. मागे बाजार भरत होता, कुणीतरी तिच्या तारोचा भाव विचारत होतं, तिने मान वळवली नाही.

मिस्कसने एक घास घेतला. बराच वेळ तो तोंडातच होता. गिळला, मग दुसरा घेतला.

"मीठ कमी झालंय," रोदा म्हणाली.

"हं," तो म्हणाला.

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि आपल्या टोपल्यांकडे गेली. मिस्कसने तो मासा काट्यापर्यंत संपवला.