दसऱ्याच्या दुपारी दुसरा होस्ट

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सिंहगड रस्त्याजवळच्या एका रुग्णालयातला पहिला होस्ट आपोआप बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. दुपारी दुसरा अडखळू लागला. मी तिथल्या संगणक विभागात होते आणि त्या दिवशी ड्युटी माझी होती.

होस्ट म्हणजे एक मोठं यंत्र, ज्याच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर चालतात. आमच्याकडे असे दोन होते. पहिला पडल्यावर त्याच्यावरचे सर्व्हर ठरल्याप्रमाणे दुसऱ्यावर गेले. जेवणाच्या सुमारास त्याचीही गती गेली. औषध विभाग, प्रयोगशाळा, रक्तपेढी, कुठेच स्क्रीन उघडेना. सुटीमुळे ओपीडी बंद होती, म्हणून तक्रारी थोड्याच आल्या.

रक्तपेढीच्या डॉक्टर मात्र फोन न करता स्वतः आल्या. त्या धावत आल्या होत्या.

"वर ऑपरेशन थिएटरमध्ये बाळंतीण आहे. रक्तस्राव थांबत नाहीये. मागच्या बाळंतपणात आपणच तिला रक्त दिलं होतं आणि रिअ‍ॅक्शन आली होती. तिला कोणतं रक्त चालत नाही, ते तेव्हा शोधून सिस्टिममध्ये लिहिलंय. ती एक ओळ मला हवीय."

"कागदावर नाही?" आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे सर म्हणत.

"कार्ड दिलं होतं. ते धायरीला घरी आहे. दीर गाडी घेऊन गेलाय."

"पुन्हा तपासता नाही येणार?"

"येईल. वेळ लागेल. आणि इतक्या काळाने तपासणीत दिसेलच असं नाही. न दिसणं जास्त वाईट. आम्ही ते रक्त चालेल समजून देऊ."

"आपल्याकडे वेळ किती आहे?"

"मी वर तेच विचारलं. आधी रक्त आणा म्हणाले."

बॅकअप होता, पण तो वेगळ्या यंत्रावर चढवायला रात्र झाली असती. तसं रिकामं यंत्रही नव्हतं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला मी फोन लावलेला होता. स्पीकरवरचा इंजिनिअर सुरुवातीला इंग्रजीत बोलत होता. आमचं आपसातलं बोलणं ऐकून तो म्हणाला, "मराठीतच बोलू या. वेळ वाचेल. होस्टचे लॉग गोळा करा आणि मला पाठवा."

लॉग म्हणजे यंत्राने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली टिपणं. कोणता भाग कधी बिघडला, ते त्यांत असतं.

"अहो, लॉग नंतर," सर म्हणाले. "मी रीस्टार्ट करतो."

"करू नका. तुमचे होस्ट छोट्या कार्डावरून सुरू होतात, टिपणं तात्पुरत्या मेमरीत राहतात. पहिला बंद पडला तेव्हा त्याची पुसली गेली. याचीही घालवलीत आणि हा उठलाच नाही, तर मी काय वाचून सांगू? पत्रिका?"

मी विचारलं, "लॉग गोळा करताना याच्यावर ताण येईल का?"

"येईल. थोडा."

"थोडा म्हणजे?"

"यंत्र निरोगी असेल तर थोडा."

सरांनी माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. मी कमांड टाकली, पण एंटरवर बोट ठेवून तशीच थांबले. यंत्र बसलं तर ती ओळही त्याच्याबरोबर बसणार होती. डॉक्टर दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला फोन वाजला. त्या "अजून नाही" एवढंच म्हणाल्या. मी एंटर दाबला.

किती लॉग गोळा झाले ते दाखवणारा टक्क्यांचा आकडा थोडा चढला आणि थांबला. सर्व्हर रूममध्ये आवाज फक्त पंख्यांचा होता. तो सकाळपासूनच मोठा होता आणि मी तो वाढलेल्या कामाचा समजत होते. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीन पाहत होते.

"अडकलं," मी म्हणाले.

"थांबवू नका. दुसऱ्या खिडकीत शेवटच्या ओळी उघडा आणि वाचून दाखवा."

मी वाचल्या. प्रोसेसर तापला आहे. पंखे पूर्ण वेगात आहेत. प्रोसेसरने स्वतःची गती कमी केली आहे. आत येणाऱ्या हवेचं तापमान मर्यादेबाहेर आहे. मग पुन्हा त्याच ओळी, तापमान दर वेळी थोडं जास्त.

"आत येणारी हवाच गरम आहे," इंजिनिअर म्हणाला. "एसी?"

"चालू आहे. मला थंडी वाजतेय."

"मग कपाटाच्या तोंडाशी काय आहे?"

कपाट आमच्यापासून दोन हातांवर होतं. आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं.

"हॅलो? आहात ना?"

"पूजा आहे," सर म्हणाले.

"कसली?"

"कालची. खंडेनवमीची. दाराला खण लावलाय. वरून हार."

"जाळीच्या दाराला? पूर्ण?"

"फोटो चांगला येतो म्हणून."

होस्ट आणि बाकी सामान या कपाटात होतं आणि त्याच्या दाराच्या जाळीतूनच त्यांना हवा मिळत असे. आधीच्या वर्षांत पूजा टेबलावरच्या संगणकाची होई. हे कपाट नवीन होतं, म्हणून मान त्याला मिळाला होता.

"काढा," इंजिनिअर म्हणाला.

सर हलले नाहीत. पूजेला मांडलेल्या हत्यारांना उत्तरपूजेआधी हात लावायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना घरूनच माहीत होतं. यंत्र चालू ठेवण्याला कोणाची हरकत नव्हती. मांडलेल्या पूजेला मात्र आदल्या दिवसापासून कोणी शिवलं नव्हतं. उत्तरपूजा संध्याकाळी, सगळे जमल्यावर होणार होती.

"उत्तरपूजा व्हायचीय," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि वर ती बाई अशी असताना..."

डॉक्टर म्हणाल्या, "मग करा ना सर. आत्ता करा. मी इथेच आहे."

सरांनी पायातले बूट काढले. ताटलीतल्या अक्षता उचलल्या. घाईत निम्म्या अक्षता वाटेतच सांडल्या.

"अहो, मशीनवर टाकू नका हं," स्पीकरमधून आवाज आला. "खाली. पायाशी."

सरांनी अक्षता कपाटाच्या पायाशी वाहिल्या, सुपारी जागची हलवली, नमस्कार केला आणि हारासकट खण ओढून काढला. खाली जाळीला झेंडूच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या चिकटल्या होत्या. त्या मी नखांनी खरवडल्या.

पंख्यांचा आवाज तसाच राहिला. आकडाही तिथेच होता. डॉक्टरांचा फोन पुन्हा वाजला आणि या वेळी त्यांनी तो उचलला नाही.

"आता?" सरांनी विचारलं.

"आता थांबायचं," इंजिनिअर म्हणाला. "ओळी वाचत राहा."

मी वाचत राहिले. तापमान तेवढंच. तेवढंच. मग एक अंश कमी. सर बूट न घालता उभे होते. आणखी काही ओळींनंतर टक्क्यांचा आकडा सरकला. पंख्यांचा आवाज उतरला तेव्हा खोलीत स्वतःचा श्वास ऐकू आला. लॉगचं गाठोडं पूर्ण झालं. मी ते पाठवत होते, तोवर डॉक्टर माझ्या शेजारच्या संगणकावर बसल्या होत्या. नोंद उघडली. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, दोनदा, फोनवर रक्तपेढीतल्या माणसाला. त्याने ती परत म्हणून दाखवली. मग त्या गेल्या.

रक्ताच्या पिशव्या वर पोचल्यानंतर दीर कार्ड घेऊन आला. कार्डावर तेच लिहिलं होतं.

कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी ईमेलने आलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, कपाटाच्या दर्शनी बाजूने हवा अडली.

दसऱ्याच्या त्या दिवशी माझी ड्युटी संपली तेव्हा थिएटरबाहेरच्या फळ्यावर बाळंतिणीच्या नावापुढे अतिदक्षता विभागात हलवल्याचं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात सिस्टिममध्ये तिला आणि बाळाला घरी सोडल्याची नोंद झाली.