शेवटच्या घराला पहिला मेसेज

पैठणकर काकू आज सकाळी गेल्या.

आणि आमच्या कॉलनीच्या चेअरमनला ही बातमी सगळ्यात शेवटी कळली, याचं मला अतोनात समाधान आहे.

का, ते सांगतो.

बीड बायपासपलीकडची आमची कॉलनी. पाइपलाइन जिथून आत शिरते तिथं पहिली लाईन, बंगलेवाल्यांची. घर नंबर एक चेअरमनचं. शेवटची लाईन चढावर, तिथं आम्ही.

दुष्काळाची वर्षं. तिकडं बिडकीनला उद्योगनगरी येणार म्हणून प्लॉट विकले जात होते, इकडं आम्ही मोकळे ड्रम घेऊन उभे. पैठणच्या धरणातलं पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी सुटेल याचा नेम नाही. दुपारी, ऑफिसच्या वेळी, शेजारच्या लग्नात ऐन मुहूर्तावर.

काकू पहिल्या लाईनीतल्याच. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या.

मुलगा पुण्याला गेला, तो एक जुना कॉम्प्युटर आणि बटणांचा फोन मागं ठेवून. काकूंनी डेटा केबल शोधली, फोन कॉम्प्युटरला जोडला, आणि सगळ्या कॉलनीचे नंबर त्यात भरले. केबल सैल होती. फोन जरा तिरका असला तरच चालायची. म्हणून खाली सुपारीचा डबा.

लाईनमननं व्हॉल्व्ह उघडला की तो काकूंना मिस कॉल द्यायचा.

काकू कीबोर्डवर टाइप करायच्या, "पाणी सुटलं." आणि सेंड.

आता गंमत बघा. फोन म्हातारा. सगळ्यांना एकदम मेसेज टाकणं त्याच्या आवाक्याबाहेर. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. सुरुवात घर नंबर एकपासून.

म्हणजे पहिल्या लाईनीला आधी कळायचं. ते थेट नळाला मोटर लावायचे. आमच्याकडं मेसेज पोचायचा तोवर नळात नुसती हवा.

माझी बायको एकदा जाऊन म्हणाली, "काकू, तुमचा मेसेज येतो. पाणी येत नाही."

काकू वाद घालत बसल्या नाहीत. पुढच्या खेपेला सेंड दाबलं आणि चढ चढून आमच्या घरी आल्या. नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

नळ फुसफुसला. हात कोरडाच.

"असं होय," एवढंच म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी यादी उलटी केली. शेवटचं घर पहिलं. आणि प्लंबरला बोलावून स्वतःची मोटर काढून टाकली.

तेव्हापासून पहिला फोन माझा वाजायचा. मग शेजारच्या रहीमभाईंचा. मूळचे सिल्लोडचे, रिक्षा चालवतात. त्यांचा आवाज मेसेजपेक्षा पुढं जायचा, "काकू का मेसेज आया! बाल्टी निकालो रे!"

पहिल्या लाईनीच्या मोटरी सुरू होईपर्यंत आमचे ड्रम भरलेले.

लगेच मीटिंग. मारुतीच्या ओट्यावर.

"काकू, यादी नंबरानं पाहिजे," चेअरमन म्हणाले. "काही सिस्टिम असते की नाही?"

"नंबरानंच आहे की. उतरता क्रम. पाचवीत असतो."

"अहो, तुम्ही आमच्याच लाईनीतल्या ना?"

"म्हणून तर लाज वाटली."

"आम्ही तक्रार करू. मेसेज बंद करायला लावू."

"लावा. मग मी दारोदार जाऊन सांगीन. सुरुवात चढावरून. माझे गुडघे हे असे. तुमच्या दारी यायला संध्याकाळ होईल."

मीटिंग संपली. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

पुढं एकदा चेअरमन गोड होऊन आले. "काकू, घरी पाहुणे आलेत. आजच्या दिवस आमचा मेसेज पहिला टाका."

"पाहुण्यांना सुहासकडं उतरवा," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडं पाणी असतं."

सुहास म्हणजे मी.

मग कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आला. चेअरमननं जाहीर केलं, आता पाण्याचं सगळ्यांना एकाच क्षणी कळणार. समान संधी!

सगळ्यांना एकदम कळलं म्हणजे न्याय झाला, असं ज्याच्याकडं मोटर असते त्यालाच वाटतं.

काकू त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडल्या. आणि लाईनमन मिस कॉल काकूंनाच देत राहिला. ग्रुपवर आजही गुड मॉर्निंग येतं. पाण्याची खबर येत नाही.

शहराचं नाव बदललं. नळाची खोड गेली नाही. सुपारीचा डबाही जागचा हलला नाही.

आज काकूंचा मुलगा म्हणाला, "सुहासदादा, ग्रुपवर टाकता का?"

"ग्रुपवर नको. केबल कुठंय?"

केबल लावली. फोन डब्यावर टेकवला. टाइप केलं, "पैठणकर काकू गेल्या." यादी काकूंचीच.

सेंड.

म्हातारा फोन एकेक घर घेत चढावरून खाली उतरायला लागला.

तेवढ्यात लक्षात आलं, काकूंना अंघोळ घालायला घरात पाणी नाही. ड्रम तळाला गेलेला, पाण्याचा दिवस अजून लांब.

कुणाला सांगायच्या आतच रहीमभाईंची रिक्षा दारात. आत पाण्याचे कॅन. मागून आमची अख्खी लाईन, हातात कळश्या, बादल्या. मोटर काढलेल्या घरात किती पाणी असतं, हे चढावरच्यांना सांगावं लागत नाही.

गुरुजींनी विचारलं, "हे पाणी कुणाकडचं?"

"पैठणचं," मी म्हणालो.

त्यांनी कळशी पुढं ओढली.

काकूंना उचलायच्या वेळेला चेअरमन आले. पांढरा झब्बा, हातात हार, चेहऱ्यावर दुःख कमी आणि अपमान जास्त.

"एका लाईनीत राहतो आम्ही. आणि आम्हाला सगळ्यात शेवटी कळवता?"

"साहेब," मी म्हणालो, "उतरता क्रम आहे."

काकू, लाईनमनला माझा नंबर दिलाय. फोन, केबल आणि डबा तुमच्या मुलानं माझ्या हवाली केलाय.

यादी उलटीच राहील.

तुम्ही निवांत जा.