रूळ जमिनीखाली जाणार होते

आमचं घर रुळाला इतकं चिकटून होतं, की मालगाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. त्या रुळाने गोंदियाचे दोन तुकडे केलेले. फाटक पडलं की बाजार तिकडे, आपण इकडे, बसा बोंबलत!

स्वराज्य नवं होतं, काहीही खरं वाटायचं. रूळ जमिनीखालून नेणार, अशी गावभर बोलवा होती. त्या भाऊबीजेला मामा आला. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, नुकतीच तांदळाची मिल टाकलेला. पाटावर बसून म्हणाला, "बाई, औंदा ओवाळणीत लुगडं नाही, जबान देतो. रेल्वे खालून जाऊन राहिली. वर पक्की सडक, दोन्हीकडे दुकानं. कोपऱ्यावरचं पहिलं दुकान तुयं. फकत जागा माह्या नावानं कर, साहेबाशी बोलाले एकच माणूस पायजे."

जागा आईची, तिच्या वडिलांनी दिलेली. बाबा कुरकुरले, तर आईने त्यांना उडवूनच लावलं. ओवाळणीच्या ताटात भाऊ खोटं टाकेल का, म्हणे! अंगठा देऊन मोकळी झाली.

आणि दुकानाला जागा मोकळी करायची म्हणून आम्ही शहाण्यांनी आपलं घर आपल्याच हातांनी उतरवलं. छपरावरचे कवेलू खाली देताना आई गुणगुणत होती. दुकानात चुरमुरे ठेवायचे की बांगड्या, यावरून माझ्याशी भांडलीसुद्धा. कवेलू बैलबंडीत भरून आम्ही जवळच्या मुर्री गावात भाड्याच्या खोलीत गेलो.

रूळ कुठले खाली जातात! उलट एक नवा फाटा आला, आमच्या चुलीच्या जागेवरून थेट मामाच्या गोदामापर्यंत. त्याची पोती आमच्या अंगणातून डब्यात चढू लागली. मेल्याने सख्ख्या बहिणीला फसवलं. मी आजही असंच बोलते, लागायचं त्याला लागो.

पुढच्या भाऊबीजेला तो मुर्रीला आला, हातात रेशमी लुगडं. आईने दारातच विचारलं, "रूळ खाली जात नाही, हे तुले तवाच मालूम होतं का गा?"

मामाने लुगडं पुढे केलं. "बाई, धंद्यात असं..."

"जाय गा," आई म्हणाली.

लुगडं तो ओसरीवर ठेवून गेला. मी धावत जाऊन ते त्याच्या सायकलवर आपटून आले.

भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. आईने भरलेलं ताट उचललं, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. कोसभरावर भाऊ धडधाकट होता. मरेपर्यंत तिने चंद्रालाच ओवाळलं. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून ताट ती दुपारीच लावून ठेवायची.