माझाच शे

बोलीभाषेच्या सेवेबद्दल सरांचा धुळ्यात सत्कार आहे. पत्रिका काल जळगावला माझ्या घरी आली. खाली त्यांनी पेनाने लिहिलंय, ‘राणीचं ते तुझं वाक्य म्हणायला ये. तसंच म्हण, लोकांना हल्ली आवडतं.’

वाचलं आणि जुन्या मेकअपरूमचा वास नाकात शिरला, स्पिरिट गम, पावडर आणि भाड्याच्या मखमलीचा कुबट वास. सरांनी आमच्या कॉलेजात एक गाजलेलं नाटक बसवलं होतं. मी राणी होते. शेवटचं वाक्य होतं, “सिंहासन गेलं तरी माझा शब्द माझाच आहे.” महिनाभर घोकलं होतं. ऐन प्रयोगात तोंडातून निघालं, “माझाच शे.”

आमच्या घरात ‘माझा’ला ‘मना’, ‘आईचा’ला ‘मायना’ आणि ‘आहे’ला ‘शे’च म्हणतात. सगळं सभागृह खदखदून हसलं. फक्त आई टाळ्या वाजवत होती. तिला त्यात काही चुकलेलं ऐकूच आलं नव्हतं.

पडदा पडल्यावर आई मला भेटायला आत आली. सर तिच्यादेखत म्हणाले, “राणी कसली, भाजीवाली वाटलीस.” आई बाजारातली भाजी लवकर आवरून आली होती. पदराआड तिने आपले मेथीने हिरवे झालेले हात लपवले.

पुढे काही वर्षांनी आई गेली. सरांवरचा माझा राग काही गेला नाही.

पत्रिकेच्या मागे मी एकच ओळ लिहिली आणि ती परत पाठवली.

“सर, तो शब्द मना मायना शे.”