आमचं ध्यान खुडूक बसलंय

गल्लीत तिला सगळे कोंबडीवहिनी म्हणत. धंदा म्हणाल तर शिवणकामाचा. पॅंट आखूड करायची, चेन बदलायची, जाड झालेल्यांचे कपडे उसवून सैल करायचे. पण कपडे टाकायला आलेलं माणूस आधी कोंबड्यांची खुशाली विचारायचं आणि मग पॅंटचं बोलायचं. नाही विचारलं तर पॅंट एक बोट जास्तच आखूड व्हायची, असा गल्लीचा अनुभव होता.

मागच्या अंगणात जुन्या कपाटाचं खुराडं आणि त्यात चार कोंबड्या, एवढाच पसारा. पण दर रविवारी सकाळी खाद्याच्या दुकानात पोत्यांवर जी बैठक भरायची, तिच्यात वहिनीचा शब्द वजनदार होता. बैठकीला आणखी तिघं. निवृत्त मास्तर हे सगळ्यांत जुने कोंबडीवाले, आणि ते कोंबडीबद्दलही फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगत. बेकरीवाल्या मावशींना प्रत्येक दुखण्यावर लसूण हा एकच उपाय ठाऊक होता. आणि न्हावी बोलताना समोरच्याच्या डोक्याकडे बघत बोलायचा. मास्तरांच्या एका कोंबडीचं नाव गैरहजर, मावशींच्या एकीचं पुरवणी. न्हाव्याकडे उधारी नावाची एक होती, ती कधीच परत यायची नाही. त्यामुळे एका रविवारी वहिनीनं पोत्यावर बसता बसता सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "काय सांगू! आमचं ध्यान खुडूक बसलंय," तेव्हा कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. ध्यान ही वहिनीची पाचवी कोंबडी असणार, असं तिघांनी धरून टाकलं.

खुडूक म्हणजे काय, हे ज्यांनी कोंबडी फक्त ताटात पाहिली त्यांना सांगावं लागेल. कोंबडीच्या डोक्यात उबवायचं येतं आणि ती एका जागी ठाण मांडते. अंडी असोत नसोत, उठत नाही, धड खात नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते.

आता, ध्यान म्हणजे वहिनीचा नवरा.

तो एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होता. जन्मभर स्टुलावर बसून त्यानं लोकांना वर नेलं, खाली आणलं आणि प्रत्येक मजला मोठ्यानं पुकारला. मग नवी लिफ्ट आली. ती बटणावर चालायची आणि मजलेही स्वतःच पुकारायची, तेही एका बाईच्या गोड आवाजात. त्याला हार घालून घरी पाठवलं. घरी आला तो कपाट आणि भिंत यांच्या मधल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसला, तो बसलाच. बोलणं बंद. पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास, नाहीतर तेही नाही. नातेवाईक येऊन चहा ढोसत आणि "थोडा वेळ द्या" एवढं सांगून जात. वेळ द्यायला यांच्या खिशातलं काय जात होतं?

बैठकीनं मात्र वेळबिळ काही सांगितलं नाही.

"उठत नाही का अजिबात?" मास्तरांनी विचारलं.

"जेमतेम. खाल्लं न खाल्लं करून परत तिथंच."

"गुरगुरतं?"

"हल्ली तेही नाही."

"मग पहिलं काम, खालचं सगळं काढून घ्या. बुडाखाली मऊ काही लागता कामा नये."

इथं वहिनीच्या ध्यानात आलं की ही मंडळी कोंबडीचं बोलतायत. सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलंही. पण इतक्या महिन्यांत नवऱ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारले होते. तिनं तोंड मिटलं आणि घरी जाऊन खुर्चीतली उशी काढून घेतली.

नवरा नुसत्या वेतावर बसला. मागे जाळी उमटली, पण तो उठला नाही.

पुढच्या रविवारी मावशी म्हणाल्या, "अगं, अंधारा कोपरा दिला की खुडूक माजतंच. उजेडात ओढ त्याला. आणि लसूण दे." वहिनीनं खुर्ची नवऱ्यासकट अंगणात ओढली. ओढताना त्यानं पाय तेवढे वर धरले. चारही कोंबड्या येऊन त्याच्याकडे माना वाकड्या करून बघत राहिल्या. संध्याकाळी तो खुर्ची उचलून मुकाट्यानं परत कोपऱ्यात. लसूण कोंबड्यांनी खाल्ला.

मग न्हाव्यानं आपला हुकमी उपाय काढला. "गार पाणी. पोटापर्यंत बुडवायचं. आमची उधारी एका बुडवण्यात ताळ्यावर आली."

नवरा बादलीत मावेना, म्हणून वहिनीनं बादलीच त्याच्या मांडीवर उपडी केली. तो ओरडेल, शिव्या देईल, निदान बादली तरी फेकेल, अशी तिला आशा होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. उठून पॅंट बदलली आणि परत येऊन बसला. वहिनी फरशी पुसायला वाकली. गार पाण्यानंही ज्याला राग येत नाही, तो माणूस आता आपल्याला परत मिळतोय कशाचा, असं तिला वाटलं. ती खूप घाबरली.

रविवारी मास्तरांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. "तर मग उठवण्याचा नाद सोडा. बसायचंच आहे ना त्याला? बसू दे. पण खाली अंडी द्या. खुडूक बसण्यात काही वाईट नसतं, वहिनी. रिकामं बसलेलं खुडूक झुरून मरतं."

वहिनी पोत्यावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडायला लागली. एका कोंबडीसाठी एवढं रडणारी बाई बैठकीनं पाहिली नव्हती. मास्तर इतके हेलावले की दुसऱ्याच दिवशी गैरहजरची सात अंडी भुशात घालून दारात दत्त म्हणून उभे. "कोंबड्याची आहेत, फलित आहेत. ध्यानाखाली ठेवा," म्हणाले आणि गेले.

झाली का पंचाईत! वहिनीच्या चार कोंबड्यांपैकी एकही खुडूक नव्हती. मास्तरांची एवढी चांगली अंडी, आणि त्यांना ऊब देणारं घरात कुणी नाही. ती टोपली घेऊन इकडून तिकडे नाचली. शेवटी वैतागून तिनं टोपली नवऱ्याच्या मांडीत ठेवली, वर शाल टाकली, खाली गरम पाण्याची पिशवी सरकवली आणि म्हणाली, "बसलाच आहात तर बसा!"

बऱ्याच वेळानं शालीखाली काहीतरी हललं. तो एकेक अंडं हातात घेऊन कुशीवर वळवून ठेवत होता.

"पिशवी निवली," तो म्हणाला. आवाज गंजलेल्या कडीसारखा होता, पण होता.

त्या दिवसापासून घराचं खुराडंच झालं. कपड्यावर खूण करायच्या खडूनं त्यानं अंड्यांवर फुल्या मारल्या, म्हणजे कुठली बाजू वर होती ते चुकायला नको. खुडूक कोंबडीही दिवसातून एकदा उठते. तेवढ्यापुरती वहिनी खुर्चीत बसायची आणि तो मोरीतून ओरडायचा, "हलू नकोस!" शिलाई मशीन त्यानं बंद करायला लावलं, धक्के बसतात म्हणून. गिऱ्हाइकांच्या पॅंटी लांबच राहिल्या.

आणि मग एका रविवारी वहिनी बैठकीला गेली नाही, म्हणून बैठकच घरी आली.

"कुठंय आमचं ध्यान?" म्हणत मावशी थेट आत. मागे मास्तर आणि न्हावी. कोपऱ्यात शाल पांघरलेला लिफ्टमन मांडीवर टोपली घेऊन बसलेला. तिघं आ वासून उभे. वहिनीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

"हे... हेच ध्यान," ती म्हणाली.

"म्हणजे ते गार पाणी..." न्हावी पुटपुटला.

"यांच्यावरच."

न्हावी मटकन जमिनीवर बसला. मास्तर मात्र पुढे झाले. अंड्याला हात लावायला ते वाकले, तसा लिफ्टमन खांदे फुगवून गुरगुरला, "हात धुतलेत का?"

मास्तर ताठ उभे राहिले. "खुडूक पक्कं आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. मावशींनी पिशवीतून लसूण काढून निमूटपणे टेबलावर ठेवला.

सातांतल्या तीन अंड्यांतून पिल्लं निघाली. पहिल्या टरफलाला भोक पडलं तेव्हा वहिनी आणि तो डोक्याला डोकं लावून बघत होते आणि दोघांनाही श्वास घ्यायचं सुचत नव्हतं. पिल्लं सुकली, बल्बखाली खोक्यात गेली. टोपली उचलली गेली, शाल निघाली आणि तो रिकाम्या मांडीनं खुर्चीत बसून राहिला. आता काय? आता हा माणूस कायमचाच बसला तर?

खोक्यातून चिवचिवाट वाढला.

"अगं, पाणी दे त्यांना," तो म्हणाला.

"मी का? उबवली कुणी?" ती जागची हलली नाही. "तुमची पिल्लं, तुम्ही बघा."

त्यानं खोक्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो उठला. पायांना मुंग्या आल्या होत्या, भिंत धरली, आणि तसाच लंगडत स्वयंपाकघरात गेला. आत भांडी पडली. डबे उघडले, मिटले.

"अगं ए! वाटी कुठं असते?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज.

वाटी त्याच्या नाकासमोर फळीवर होती. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि उत्तर दिलं नाही. आणखी दोनदा तरी विचारू दे, मनाशी म्हणाली.