झिपमधला जादा फोटो

“सूनबाई त्या काळ्या खिडकीत कायतरी लिवतीया, आन् मानसं जात्यात बघा!” सासूबाई शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगत होत्या. कोल्हापुरातला हळू आवाज पलीकडच्या गल्लीला ऐकू जातो. मी तर दाराआडच होते!

आमचं राजारामपुरीत फ्लेक्सचं दुकान. फोटो दाबून एका झिपमध्ये बसवता येतात, किस्से नाही बसत. हळद उतरायच्या आत माझ्याकडे ढीग झालाय.

काळी खिडकी म्हणजे मी लिहिलेली छोटी बॅच फाइल. फोटो निवडायचे, तिच्यावर सोडायचे. नावं सरसर जातात, की सगळे एका झिपमध्ये, छपाईला तयार!

*

एकदा वाढदिवसाच्या झिपमध्ये कोडोलीचे एक आजोबा आले. जुनं गिऱ्हाईक, पण मी निवडलेच नव्हते. झिपमधून पुसून टाकले.

दुपारी नातू दारात. “आजोबा गेलं. फोटो हाय न्हवं तुमच्याकडं?”

“हाय की!” भाऊजी म्हणाले. “मघाशीच वर आलाय!” आणि स्वतःच जीभ चावली.

*

मग झिपमध्ये गल्लीतल्या क्लासचे सर आले, तसेच, न निवडता. मी ह्यांना म्हटलं, “फोन करून बघा.”

“काय विचारू? सर, आहात का?” हे हसले. फोन केला नाही.

संध्याकाळी क्लासला कुलूप होतं.

*

बातमी पसरली. चौकाचौकात स्वतःचा फोटो लावणारे मंडळाचे अध्यक्ष जातीने पेढे घेऊन आले. “वहिनी, औंदा वाढदिवसाला नुसतं नावच टाका. फोटो पुसा आमचा!”

*

घरातही तेच सुरू झालं. भाऊजी ‘गेम खेळतो’ म्हणून कॉम्प्युटरवर बसले. उठले तेव्हा त्यांचे फोटो नव्हते. माउसला झुरळासारख्या घाबरणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्याकडूनच आपले पुसून घेतले. ह्यांचे कधी गेले, कळलंच नाही.

लग्नाच्या फोल्डरमध्ये एकच फोटो उरला. मुंडावळ्या बांधून एकटी बसलेली मी.

*

आणि हा आजचा किस्सा.

बारशाचे फोटो निवडले, सोडले. खिडकी उघडली, नावं सरसरली, शेवटचं थोडं थांबून आलं. झिप उघडली. मुंडावळ्या!

मागे चहाचे कप घेऊन तिघं उभे. ह्यांचा हात माझ्या खुर्चीवर होता, तो निघाला.

“पूस की गं!” सासूबाई.

“आजोबांचाही पुसला होता, सासूबाई.”

मी खुर्ची वळवली.

“माझ्या बोर्डावर खाली ‘शोकाकुल’मध्ये तुमची नुसती नावंच येतील हं. फोटो तुम्ही शिल्लक ठेवले नाहीत.”